गाडीबरोबरची सायकल

तीर्थस्वरूप ताईस, धाकट्याचा साष्टांग नमस्कार.

तुझा खोकला कसा आहे? माझं विचारू नकोस, डोकं नुसतं भणभणतंय.

तुझ्या भाच्याने हायड्रोजनवर चालणारी मोटार घेतली. पांढरीशुभ्र. मागच्या नळीतून धूर नाही, पाण्याचे थेंब पडतात. (त्याने खाली पेला धरून शेजाऱ्यांना दाखवलं. प्यायलं मात्र कोणी नाही, तोही नाही.) गाडी आली आणि माझी स्कूटर त्याच्या डोळ्यांत सलायला लागली. "बाबा, हा धूर ओकणारा डबा भंगारात द्या, लोक हसतात." हिच्यावरूनच त्याला शाळेत सोडत होतो, तेव्हा कोणी हसत नव्हतं! जेवताना सूनबाई (ती कमी बोलते, पण बोलली की वर्मी लागतं) त्याला म्हणाली, "लाइफ सायकल धरली तर तुमची गाडी कुठली एवढी स्वच्छ?" मी कान टवकारले. म्हणजे गाडीबरोबर सायकल मिळाली आणि या दिवट्याने ती दडवली! डिकी उपसली, तिथे नाही. तडक शोरूम गाठलं आणि म्हटलं, आमची जन्मभर टिकणारी सायकल काढा बाहेर. तिथला विक्रेता हसून हसून खुर्चीवरून पडायचा राहिला. मग म्हणाला, "आजोबा, सायकल म्हणजे फेरा. गाडी घडवण्यापासून मोडीत निघेपर्यंतचा. इंधन कसं बनतं तेही त्यात आलं." कसं बनतं, असं विचारल्यावर त्याचं हसू मावळलं. काही ठिकाणी उन्हाच्या विजेवर पाण्यातून काढतात म्हणे. आपल्याकडे येतं ते कोळशापासून काढलेलं, आणि तो कारखाना कुठला? तर तुझ्या परसामागचा!

ताई, तळपायाची आग मस्तकात गेली. तुझ्या दोरीवरची चादर संध्याकाळपर्यंत काळी होते, तू खोकून खोकून अर्धी झालीस, आणि इकडे हे पेला धरून मिरवतात! आपलं अंगण झाडायचं आणि केर बहिणीच्या दारात लोटायचा, याला स्वच्छता म्हणतात? घरी येऊन पोराला फैलावर घेतलं, तर म्हणतो, "मग आत्याला इकडेच आणू या." वा रे शहाणा! धूर कारखान्याने करायचा आणि घर तू सोडायचं! मुळीच हलू नकोस.

तुझा संतापलेला,
धाकटा

ता.क. माझी स्कूटर तुझ्या पडवीत ठेवून घे. तिथल्या धुरात तिचा धूर कोणाला दिसणार?

आणखी एक. स्कूटर चालूच होत नाही, म्हणून टेम्पोने येईल. मी रविवारी मागोमाग त्या पांढऱ्या गाडीतून येतो. (गुडघे दुखत नाहीत तिच्यात, खोटं कशाला बोलू?) वर लिहिलेलं विसर आणि सामान बांधून ठेव. पडवीत स्कूटर एकटी राहील, तिला खोकला होत नाही. येताना दोरीवरची एक काळी चादर मात्र न धुता घे. पोराला गाडी झाकायला हवी आहे.