पिकअप मऊ करणे

२२ ऑक्टोबर १९७२
काल लेकीचं, कुंदाचं, बारसं झालं. आज राजूरहून मिरजगावला परत, स्वतःच्या पिकअपमधून. आई उतरल्यापासून आडवी आहे. कंबर धरली म्हणते. वयानं धरली असणार, नाव गाडीचं घेते.

सासूबाईंनी, म्हणजे बनुबाईंनी, कमाल केली. बारशाला पोचल्यावर आईला दोघींनी धरून गाडीतून उतरवावं लागलं, ते बनुबाईंनी ओसरीवरून बघितलेलं. निघताना सगळ्यांदेखत म्हणाल्या, माझी लेक आन बाळ ह्या गाडीत बसनार न्हाई. पौष लागायच्या आत न्या, पन एसटीनं न्या. पौषात आमी लेक धाडत न्हाई, मंग माघातच. बायको, पुष्पा, शेजारी उभी होती, काही बोलली नाही. म्हणजे ती माझ्या बाजूची आहे.

नोंद असावी म्हणून लिहितो. गाडी मिलिटरीच्या लिलावातली. सीना नदीला पूर आला की एसटी अलीकडे अडकते, म्हणून मे महिन्यात नगरच्या चांदभाई मिस्त्रीकडून स्प्रिंगचे जादा पाटे आणि लाकडी ठोकळे घालून चांगली हातभर उंच करून घेतली. तालुक्यात अशी गाडी नाही. यंदा पाऊसच पडला नाही, सीना कोरडी ठणठणीत, हा गाडीचा दोष नाही.

२४ ऑक्टोबर
चावडीपुढे बोलून बसलो की माझी मुलगी गावात पहिल्यांदा येईल ती बापाच्या गाडीतून. चुलतभाऊ रंगनाथ तिथंच होता. एसटीत कंडक्टर, नगर लाइनीला. त्यामुळे सगळे रस्ते आपल्याच मालकीचे असं त्याला वाटतं. म्हणाला, सूर्यभानदादा, वहिनीला पुढच्या शिटावर बसवून अल्लाद आनतो, तुमी कशाला जिवाला तरास करून घेता. लहान तोंडी मोठा घास.

संकल्प: पौषाच्या आत गाडी अशी मऊ करायची की बनुबाईंनी स्वतः बसायला मागावं.

३१ ऑक्टोबर
चांदभाईकडे जाऊन आलो. त्याचं एकच पालुपद. ठोकळे काढा, जादा पाटे काढा, गाडी खाली बसवा, तासाभराचं काम हाय. आईही तेच म्हणते. रंगनाथही तेच. आज दाढी करताना न्हाव्यानंसुद्धा तेच सांगितलं, आणि तो जन्मात सायकलवरही बसलेला नाही. पुढच्या वर्षी सीनेला पूर आला म्हणजे हे सगळे कुठं असतील?

उंची ही गाडीची अब्रू आहे. ती राखून आराम मिळवायचा. प्रश्न फक्त डोक्याचा आहे.

९ नोव्हेंबर
दिवाळी झाली. राजूरला गेलो नाही. जायचं तर गाडीनं, आणि गाडी तयार नाही. एसटीनं गेलो असतो तर बनुबाई जिंकल्या असत्या. पुष्पाचं कार्ड आलं, कुंदा आता टक लावून बघते, एकदा येऊन जा म्हणून. उलट टपाली कळवलं की काम चालू आहे.

११ नोव्हेंबर, सकाळ
चारी चाकांतली हवा निम्मी केली. काय सांगावं, लोण्यासारखी चालली. साधी गोष्ट, पण कुणाला सुचली नाही.

संध्याकाळ
निम्म्या हवेवर वळण घेतलं, टायर रिममधून निसटलं, ट्यूब चिरडली. स्टेपनी आधीच पंक्चर. ती मांडीवर घेऊन रंगनाथच्या एसटीनं गावात आलो. त्यानं माझं तिकीट फाडलं आणि स्टेपनीचंही फाडलं. सख्खा चुलतभाऊ.

२० नोव्हेंबर
नवा विचार. गाडी मऊ नसली तरी चालेल, बाळ अधांतरी असलं म्हणजे झालं. आईचं जुनं लुगडं घेऊन केबिनच्या छताला झोळी टांगली. ट्रायलला कुंदाच्या वजनाचा भोपळा. वजन अंदाजानं धरलं, कारण बारशात तिला घ्यायला मला वेळच मिळाला नाही. बायकांची गर्दी, शिवाय गाडीभोवती पोरं चढत होती.

२१ नोव्हेंबर
भोपळा पहिल्याच खड्ड्याला झोळीतून उडाला आणि समोरच्या काचेवर फुटला. काचेला तडा. आई कंबर विसरून उठली. लेकराच्या जागी भोपळा ठिवतोस, अक्कल गहान टाकली का, म्हणाली. मीठ-मोहऱ्या घेऊन कुंदाच्या नावानं दृष्ट काढली, राजूरच्या दिशेला तोंड करून. दोन्ही वेळा भोपळ्याची भाजी झाली. मी जेवलो नाही.

४ डिसेंबर
दुकानात चिटपाखरू नाही. दुष्काळात बी-बियाणं कोण घेतो? हातांना चैन पडत नाही. गल्ल्यावर बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की गाडीखाली जावंसं वाटतं. बाजेवर पडलो तरी बाज कुठं किती दबते हेच बघतो.

पुष्पाचं दुसरं कार्ड. गाडी राहू द्या, तुम्ही या. म्हणजे तिला गाडीची काळजी वाटते. समजूतदार आहे.

१२ डिसेंबर
चांदभाईकडे चौथा फेरा. तो वैतागून म्हणाला, रिकामी हाय म्हनून उडती, पाठीवर वज्जं टाका, गप बसंल. तो रागानं बोलला, पण मला बरोबर धागा सापडला. कडक पाट्यांना भार हवा. वाळूची पोती भरायची!

१३ डिसेंबर
गाडी पालखीसारखी चालली. नाक्यापर्यंत. तिथं पोलिसांनी अडवलं. परवान्याशिवाय ज्वारी हलवायला बंदी आहे. मी म्हणालो वाळू आहे, गाडी मऊ करण्यासाठी. हवालदार माझ्याकडे बघत राहिला आणि मग एकेक पोतं फोडायला लावलं. वाळूच निघाली. त्याला माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. म्हणाला, घरी कोन हाय का तुमच्या? बायको माहेरी आहे म्हणालो. मग त्यानं चहा पाजला.

१९ डिसेंबर
वाळूत दोष हा की ती कमीजास्त करता येत नाही. उत्तर: पाणी. लोखंडी पिंपं मागं बांधायची, प्रत्येकाला खाली नळ. रस्ता बघून थोडं पाणी सोडायचं. हवी तशी मऊ, हवी तशी कडक. परदेशात कुणाला हे सुचलं असतं तर पेपरात फोटो आला असता.

२७ डिसेंबर
पिंपं बसली. अडचण एकच, मिरजगावात प्यायलाच पाणी नाही, पिंपात काय घालणार? हरकत नाही. रिकामी घेऊन राजूरला जायचं, तिथं प्रवरेत भरायची. जाताना एकट्याचे हाल होतील, ते सोसू. पुढच्या गुरुवारी अमावस्या, मग पौष. आता माघार नाही.

१ जानेवारी १९७३, राजूर
पोचलो. अंग ठणकतंय. कुंदा केवढी झाली! जावळ दाट, डोळे पुष्पाचे. माझ्याकडे बघून हसली. बनुबाई म्हणाल्या, पोटात वारा धरला की हासतंय लेकरू.

दुपारी पिंपं भरली आणि बनुबाईंना म्हणालो, आधी तुम्ही बसा. बसल्या, जबडा आवळून. वेशीपर्यंत नेऊन आणलं. उतरताना कुणाचा हात धरावा लागला नाही. एवढंच म्हणाल्या, बरी हाय की. सासऱ्यांनी, म्हणजे आप्पासाहेबांनी, पाठ थोपटली. जिंकलो.

२ जानेवारी, नगर, दुपार
चहाला थांबलोय. अकोले, संगमनेर, राहुरी, कुंदा एकदाही उठली नाही. पुष्पा म्हणाली, खरंच बरं वाटतंय हो. आता राहिलं काय, मिरजगाव. चावडीपुढून सावकाश न्यायची.

संध्याकाळ, घरी
जे झालं ते झालं तसं लिहितो.

रुईछत्तिशीच्या पुढं दुष्काळी कामावर रस्ता अर्धा खोदलेला. गाडी थांबवावी लागली. खडी फोडणाऱ्या बायकांना सकाळपासून पाणी मिळालं नव्हतं, टँकर आलाच नव्हता. नळातून पाणी ठिबकताना बघून घागरी, तांबे, डबे घेऊन सगळ्या भोवती. साळूबाई म्हणून एक वयस्कर बाई पुढं झाली. मी समजावलं की हे प्यायचं पाणी नाही, टेक्निकल पाणी आहे, गाडी मऊ चालावी म्हणून. ती म्हणाली, गाडीला तहान लागती व्हय रं बाबा?

पुष्पा कुंदाला घेऊन खाली उतरली. म्हणाली, नळ सोडा. मी म्हणालो, पुढचा रस्ता खराब आहे, आपल्यालाच लागेल. ती म्हणाली, ह्या उन्हात तोंडं सुकलीत त्यांची, तुमाला दिसत न्हाई का? कुंदाला साळूबाईच्या मांडीवर दिलं आणि नळ स्वतः सोडले. नळ इतके उंच की बायकांना खडीच्या ढिगावर चढून घागरी धराव्या लागल्या. चारी पिंपं रिकामी झाली. मला अडवता आलं नाही. अडवायला तोंडही नव्हतं.

पुढं पहिल्याच खड्ड्याला कुंदाचं डोकं पुष्पाच्या हनुवटीवर आपटलं. कुंदा जी रडायला लागली, ती थांबेना. पुष्पा म्हणाली, थांबवा. मागून एसटी येत होती, हिनं हात केला. रंगनाथचीच. त्यानं पुढचं सीट रिकामं करून दोघींना बसवलं. मी मागून आलो, सगळा धुरळा खात. चावडीपुढं पोचलो तेव्हा कुंदा रंगनाथच्या खांद्यावर होती. तिकिटाचा चिमटा टकटक वाजवला की गप्प होते म्हणे.

६ जानेवारी
तहसील कचेरीतून माणूस आला. टँकर कमी आहेत, पिंपांची गाडी पाण्याच्या कामाला हवी. माझ्या गाडीचं नाव वरपर्यंत गेलं तर! लगेच होकार दिला. अट एकच, बायकांचे हात नळाला पोचले पाहिजेत. गाडी खाली करून घ्या.

८ जानेवारी
चांदभाईनं ठोकळे आणि जादा पाटे काढले. चहा सांगितला होता, तो यायच्या आत काम झालं. येताना गाडी रिकामी, तरीही ठीक चालली. बरीच ठीक. पुष्पानं विचारलं, किती वेळ लागला? दिवस गेला असं सांगितलं. आधी नगरला दुसरीही कामं होती.

१४ जानेवारी, संक्रांत
कामाला सुट्टी. दुपारी पुष्पाला म्हणालो, चल, गाडीतून चक्कर मारू, आता गाडी खाली आहे. ती म्हणाली, गाडीचं ऱ्हाऊ द्या, लेकीला घ्या जरा. घेतली. रडायला लागली. आईनं घेतली, गप्प. रंगनाथ तिळगूळ द्यायला आला होता, त्यानं घेतली, गप्प. पुन्हा मी घेतली, पुन्हा तेच. रंगनाथनं चेष्टा केली असती तर बरं झालं असतं.

मी म्हणालो, हिला माझ्या अंगाचा ग्रीसचा वास सहन होत नसेल. पुष्पा म्हणाली, वासाचं काय न्हाई. तीन म्हयन्यांची झाली, आन हितं यीस्तवर तुमी तिला इनमीन चार दिस बघितलं. मी हिशेब करून बघायला गेलो आणि सोडून दिला. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

अंघोळ केली, दुसरा सदरा घातला, पुन्हा घेतली. रडली.