‘सोंग’ हा शेरा रद्द करून रुग्णास समक्ष सांगण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
वैद्यकीय तपासणी मंडळ,
सरकारी रुग्णालय.

विषय : माझ्या पतींविषयीचा ‘सोंग’ हा शेरा रद्द करून तसे त्यांना स्वतः येऊन सांगण्याबाबत.
संदर्भ : मंडळाचा निर्णय, दि. ४ मार्च.

महोदय,

माझे पती लिफ्ट दुरुस्तीचे काम करत. गेल्या वर्षी १९ ऑगस्टला ते तिसऱ्या मजल्यावरून लिफ्टच्या खड्ड्यात पडले. नऊ दिवस बेशुद्ध होते. पहिल्या दिवशीच्या सीटी स्कॅनवर ‘विशेष दोष नाही’ असे लिहिले होते. तो कागद हातात धरून मी आनंदाने रडले.

शुद्धीवर आले ते निराळेच. एका शर्टावर दुसरा शर्ट चढवत. चमचा हातात घेऊन तासभर नुसते बसत. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी मंडळासमोर आणल्यावर आपण त्यांना आजचा वार विचारलात, तेव्हा ते हसले. एका सदस्यांनी पायाच्या अंगठ्याला टाचणी टोचली, त्यांनी पाय मागे घेतला. त्यावर ते सदस्य म्हणाले, “बघा, सगळं समजतंय याला.” निर्णयात आले : ‘स्कॅन नॉर्मल. रुग्ण सोंग घेत असावा. घरच्यांनी सक्ती करावी.’

मी सक्ती केली. लिहिताना हात अडतो, पण अर्ज अपुरा राहू नये. ‘पाणी’ असे तोंडाने म्हणेपर्यंत मी त्यांना पाणी देत नसे. ते पेल्याकडे बोट दाखवत. मी म्हणायची, “नाटकं पुरे झाली. तोंडाने मागा.” एकदा दुपारपासून दुसऱ्या सकाळपर्यंत दिले नाही. सासूबाई मध्ये पडल्या, तर “तुमच्या लाडानेच बिघडलेत,” असे त्यांनाही सुनावले. दोनदा थोबाडीत मारली. मंडळाचा कागद खोटा कसा असेल, असे मला वाटले.

एमआरआयसाठी नंबर अपघातानंतर अकराव्या महिन्यात लागला. तिथल्या डॉक्टरबाईंनी पडद्यावर काळे ठिपके दाखवले. डोक्याला जबर हिसका बसला की मेंदूतले धागे आतल्या आत तुटतात, सीटीत ते बहुधा दिसत नाहीत, म्हणाल्या. मी ठिपके मोजू लागले. “ताई, मोजू नका,” त्या म्हणाल्या. नऊ दिवस बेशुद्ध असलेल्या माणसाचा एमआरआय तेव्हाच व्हायला हवा होता, असेही म्हणाल्या.

तो अहवाल जोडून मी आपल्या कार्यालयास कळवले. उत्तर आले : ‘हरकतीची मुदत संपल्याने शेरा बदलता येत नाही.’

महोदय, माझ्या पतींना सकाळचे दुपारी आठवत नाही. माझे नाव गेले, लेकीचेही गेले. एक वाक्य तेवढे राहिले आहे. दारात कोणीही येवो, अगदी पेपर टाकणारा, ते धडपडत उभे राहतात आणि म्हणतात, “साहेब, मी नाटक नाही करत.”

मी रोज सांगते, तुम्ही खरे होतात. माझ्यावर त्यांचा विश्वास नाही, आणि तो नसावा हेच रास्त आहे. तरी आपण एकदा घरी यावे व अधिकाऱ्याच्या आवाजात त्यांना तेवढे सांगावे. दहा मिनिटांत ते विसरतील, हे मला ठाऊक आहे. ती दहा मिनिटे त्यांना मिळावीत.

आपल्या येण्याची वाट पाहणारी,
(सही)
अर्जदार, रुग्णाची पत्नी
दि. १२ सप्टेंबर

सोबत : सीटी व एमआरआय अहवालांच्या प्रती, मंडळाचा निर्णय, कार्यालयाचे उत्तर.