सानवीच्या नावाचे अंक

रत्नागिरी,
मे अखेर

प्रिय विनोद,

सागर शनिवारी निघतोय, तुझ्याच बोटीवर जॉइन व्हायला. काल संध्याकाळी आईंच्या पाया पडायला आला होता. त्याच्यासोबत आंबापोळी, काजूगर आणि सोड्यांचा डबा दिलाय. सोडे दुहेरी पिशवीत बांधलेत, तरी केबिनमध्ये वास सुटला तर त्या पोराला बोल लावू नकोस. त्याच पिशवीत हे पत्र आहे. हातात फोन असताना बायको पत्र लिहितेय म्हणून हसशील. पण फोनवर आपलं काय होतं ते तुला माहीत आहे. तू विचारतोस, शिक्का मारलेल्या अंकांचा फोटो अजून का नाही पाठवलास. मी म्हणते, उद्या पाठवते. मग तुझं नेट जातं, किंवा गेलं असं आपण दोघंही धरून चालतो. आज त्या फोटोचंच लिहायला बसलेय. आईंसमोर तुला अहो म्हणते, पण कागदावर मला अरे-तुरेच जमतं, तेवढं चालवून घे.

सानवीला जाऊन गणपतीच्या आधी वर्ष होईल. बोटीवर परत जाताना तू म्हणाला होतास, पोरीच्या नावाने काहीतरी करूया. मी मान हलवली होती. जानेवारीत तू परस्पर वाचनालयाला देणगी पाठवलीस आणि सोबत कळवलंस की कुमार विभागातल्या मासिकांची वर्गणी यातून भरावी, प्रत्येक अंकावर तिच्या नावाचा शिक्का असावा. आपल्याकडे ही पद्धत जुनीच. कुणी वडिलांच्या नावाने दिवाळी अंक देतं, कुणी आजीच्या नावाने बायकांचं मासिक लावतं, आणि मुखपृष्ठावर जांभळ्या शाईत 'स्मरणार्थ' उमटतं. नोकरीला लागल्यापासून असे शिक्के मीच मारत आलेय. कार्यकारिणीत ठराव झाला, अध्यक्ष भिकूकाकांनी डोळे पुसले, आणि अंक निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण ग्रंथपाल मी आणि आईही मी. सगळ्यांना ते फार योग्य वाटलं. मला काय वाटलं म्हणशील तर काही नाही. हल्ली मला काहीच वाटत नाही, विनोद. फोडणी करपते, ती तशीच वाढते, तशीच खाते. दाताच्या डॉक्टरने सुई टोचली की गाल आपलाच असून आपला नसतो, तसं अंगभर झालंय. लोक म्हणतात, राजश्री किती सावरली.

तर निवड. भिकूकाकांचं म्हणणं, या वयात मुलांना वळण लागतं, स्पर्धा परीक्षांचं मासिक घ्या. कार्यकारिणीतल्या दमयंतीबाई निवृत्त शिक्षिका, त्यांना विज्ञान आणि शुद्ध मराठी हवं. दोघांनीही नववी-दहावीतलं मूल अलीकडे जवळून पाहिलेलं नाही. मी सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या मुलांनाच विचारून पाहिलं, तर एकजात सगळ्यांनी सामान्य ज्ञानाचं नाव घेतलं. एक तर हात मागे बांधून उभा राहून सांगत होता. मला वाटलं, यांना काय हवंय ते यांच्या तोंडून कधीच कळायचं नाही. मग एजंटकडून मिळतील तेवढे नमुना अंक मागवले आणि खिडकीजवळच्या टेबलावर पसरून ठेवले. क्रिकेटचं, बुद्धिबळाचं, मोटारसायकलींचं, चित्रकलेचं, सिनेमाचं, काकांचं आणि बाईंचंही. घरी न्यायचं नाही, एवढंच सांगितलं. आणि महिनाभर मी फक्त अंकांचे कोपरे बघत होते.

कोपरा खोटं बोलत नाही. जो अंक वाचला जातो तो आधी कोपऱ्यात मऊ पडतो, मग त्याची पिन सुटते, मग तो ठेवला की एकाच पानावर आपसूक उघडतो. मोटारसायकलींचा अंक तर आठवड्यात लक्तर झाला. एका मासिकात मुलांच्या प्रश्नांना डॉक्टर उत्तरं देतात, मुरुमं, उंची, मैत्रिणीशी अबोला असलं काय काय. तो अंक नेहमी त्याच पानावर उघडायचा, आणि टेबलाजवळून मी गेले की पटकन बुद्धिबळ वर यायचं. चित्रकलेच्या अंकाचं मधलं पान कुणीतरी अलगद काढून नेलं. स्पर्धा परीक्षा मात्र छापखान्यातून आली तशीच्या तशी. मी ही तीन मासिकं धरली, मोटारसायकल, चित्रकला आणि डॉक्टरांचं, आणि काकांचं मन मोडू नये म्हणून चौथी स्पर्धा परीक्षा. दमयंतीबाईंनी डॉक्टरांच्या पानावर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं. एरवी त्यांनी तासभर माझी शाळा घेतली असती. पण समोर सानवीची आई होती, त्यामुळे त्यांनी अंक मिटून परत दिला. मला सगळे असंच सोडून देतात हल्ली.

सानवी अंक कसा वाचायची, आठवतं ना. पालथी पडून, एका हातात फरसाणाची वाटी. शब्दकोडं शाईने भरायची आणि तेही चुकीचं. वाचनालयाचा अंक आहे, ग्रंथपालाची मुलगी आहेस, असं मी ओरडायचे. मधलं पोस्टर तिने फाडलं होतं तेव्हा तर मी तिचं महिनाभर वाचनालयात येणंच बंद केलं होतं. तिने बोटीवर तुला मेसेज केला, आणि तू तिकडून मलाच सुनावलंस की एका कागदासाठी पोरीला छळू नकोस. दोन दिवस मी तुझा फोन घेतला नव्हता. ते पोस्टर अजून तिच्या कपाटाला आतून चिकटवलेलं आहे. कपाट उघडलं की दिसतं. मी उघडते, कपडे उन्हाला घालते, घडी करून ठेवते, बंद करते. काही होत नाही.

शिक्का करायला बाजारात गेले, तर दुकानदाराने मजकूर वाचून विचारलं, वहिनी, नुसतं 'कै.' घालू की 'कै. कु.' घालू. त्याला वाटलं मी चिडेन, म्हणून त्याने हळूच विचारलं. मी म्हटलं, जे मावेल ते घाला. दोन्ही मावलं. 'कै. कु. सानवी विनोद भाटकर हिच्या स्मरणार्थ.' दोन ओळी, बाजूला एक छोटं फूल, ते त्याने आपल्या मनाने घातलं. एप्रिलचे अंक आले त्या दिवशी सकाळी वाचनालय उघडायच्या आधी मी चारही अंकांवर शिक्का मारला. हात अगदी स्थिर होता. एकही तिरका पडला नाही. फोटोही काढला होता तुला पाठवायला, तो अजून फोनमध्ये आहे.

दुपारी मुलं आली. सानवीच्या बाकावरची समीक्षा बऱ्याच महिन्यांनी आली होती, उंच झालीय. सरळ चित्रकलेच्या अंकाकडे गेली, उचलला, आणि शिक्का बघून थांबली. माझ्याकडे बघितलं नाही तिने. अंक होता तिथे ठेवला, टेबलाच्या कडेला अगदी समांतर लावला, देवासमोर काही ठेवावं तसा. मग जिन्याने खाली गेली. बाकीच्या मुलांनीही त्या दिवशी अंक हातात घेतले, पण कसे, दोन्ही हातांनी. कुणी कोपरा दुमडला नाही. कुणी हसलं नाही. त्यानंतर तर हातही लावेनात. मोटारसायकलींचा अंक, जो आठवड्यात लक्तर होतो, तो एप्रिल संपेपर्यंत कोरा करकरीत. स्पर्धा परीक्षांच्या शेजारी तो तसाच ताठ पडून होता आणि मला दोघांत फरक सांगता येईना. भिकूकाका येऊन म्हणाले, मुलांना किती आदर आहे बघा. खरंच आदरच होता तो. मला त्या दिवशी पहिल्यांदा काहीतरी वाटलं, आणि तो राग होता. आपल्या पोरीच्या नावाने मुलं अंकांना भिऊ लागली होती.

मे महिन्याचे अंक आले तेव्हा मी शिक्का मारला नाही. तसेच टेबलावर टाकले, मुद्दाम थोडे विस्कटून. संध्याकाळपर्यंत डॉक्टरांच्या पानावर तेलाचा डाग होता. समीक्षा परवा पुन्हा आली, खिडकीत बसून वाचत होती, आणि जाताना मला विचारून गेली की काकू, मधलं पान मिळेल का हो, अंक जुना झाल्यावर. मी म्हटलं, आत्ताच ने. ग्रंथपाल म्हणून मी असं कधी केलं नव्हतं. भिकूकाकांनी शिक्क्याचं विचारलं तेव्हा शाई संपलीय म्हणून सांगितलं. त्यांना खरं सांगायचंय, पण त्याआधी तुला सांगायला हवं, कारण देणगी तुझी आहे आणि पोरगी दोघांची.

आणखी एक गोष्ट तू बोटीवर असतोस म्हणून तुला माहीत नसणार. पुस्तकं आम्ही ठेवतो, मासिकं ठेवत नाही. वर्ष झालं की जुने अंक रद्दीत जातात, जागाच नसते. गेल्या वर्षी मी आणि सानवी भाट्याच्या किनाऱ्यावर चणे घेऊन खात बसलो होतो, तर तिच्या पुडीवर आमचाच शिक्का होता, कुणा काकांच्या स्मरणार्थ. ती खूप हसली. म्हणाली, आई, यांना कळलं तर. मग पुडी फेकायला तिला कसंतरी झालं आणि तिने ती घडी घालून खिशात ठेवली. मला तिचं नाव तसं फिरायला नकोय. तुला त्या शिक्क्यात काय मिळणार होतं ते मला कळतं रे. तिकडे पाण्यात तुझ्याकडे तिचं काहीच नाही. इथे तिचं नाव रोज कुणाच्या तरी हातात जातंय, असं तुला वाटायला हवं होतं. पण ते हातात घेतच नाहीत. वर्गणी तू दिलेलीच राहू दे, मुलं वाचतायत. फक्त नाव नको.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. काल निघताना सागर सहज बोलून गेला की विनोदकाकांनी बोटीवरच्या मुदतीला एक्स्टेन्शन मागितलंय, आता दिवाळीनंतरच साइन ऑफ होऊन घरी येणार. मला ठाऊक असेल असं त्याला वाटलं. मी हो म्हटलं. म्हणजे वर्षश्राद्धाला तू नसशील, आणि ते तू मुद्दाम ठरवलंयस. मी तुला दोष देत नाही, मलाही कुठेतरी बोट मिळाली असती तर मीही गेले असते. आईंनी ऐकलं ते. रात्री जेवताना म्हणाल्या, "लिव गो त्याला. बोटीवर लपून पोरगी काय परत यायची नाय. आन मी तरी किती दिवस हाय." एवढं बोलून ताक प्यायल्या आणि उठल्या. विनोद, इथे सगळे सानवीबद्दल चांगलंच बोलतात. गुणी होती, शांत होती, मोठ्यांचा मान ठेवायची. मी ऐकते आणि मला कळत नाही कोणत्या मुलीबद्दल चाललंय. ती शांत नव्हती. ती खोटं बोलायची, दारं आपटायची, माझ्याविरुद्ध तुला भडकवायची. हे जगात फक्त तुला आणि मला माहीत आहे, आणि तू तिकडे आहेस. मला तुझ्याशी तिच्यावरून भांडायचंय. ती फाजील होती असं कुणीतरी माझ्यासमोर म्हणायला हवं, म्हणजे मला तिची बाजू घेता येईल. त्या एक्स्टेन्शनवर सही करू नकोस. केली असशील तर कॅप्टनला सांगून रद्द कर. घरी ये. वर्षश्राद्धासाठी नको येऊ हवं तर, नुसता ये, आणि पोस्टरवरून मला पुन्हा एकदा ओरड.

तुझीच,
राजश्री