पुलावरचे समालोचन

प्रिय फर्गस,

हे पत्र तुला पाठवायचे नाही, म्हणूनच स्पष्ट लिहिते.

होबार्टच्या पुलावर पहिल्यांदा माझा श्वास कोंडला, तेव्हा तू मला थेट इस्पितळात नेलेस. हृदय ठणठणीत होते; तो भीतीचा झटका होता. पुढे पूल आला की तू रेडिओवरच्या क्रिकेट समालोचकाचा घोगरा आवाज काढायचास.

‘प्राध्यापकबाई घामाघूम झाल्यात मंडळी, पण विकेट टाकतील तर शपथ.’

‘फर्गस, मी मरते आहे.’

‘मरा की, पण चहापानानंतर.’

मला तो विनोद सवंग वाटे. आजही वाटतो.

आपला घटस्फोट झाल्यावर झटके पूल सोडून दुकानात, व्याख्यानातही येऊ लागले. मग हळूहळू ते विरळ झाले, सौम्य झाले. उरल्या केवळ बोटांतल्या मुंग्या आणि ओठांची कोरड. मात्र प्रत्येक वेळी तुझे समालोचन मनात आपोआप सुरू होई. मी झटक्यांची वाट पाहू लागले आहे, हे डॉक्टरांना सांगितलेले नाही.

आज एकटीने गाडी चालवत मी पूल ओलांडत होते. मध्यावर बोटांना किंचित मुंग्या आल्या. मी रेडिओ बंद केला आणि कान देऊन बसले. पलीकडचा किनारा आला, मुंग्या विरल्या, आणि तू एक शब्दही बोलला नाहीस.

मी गाडी वळवली आणि पुन्हा पुलावर गेले.

अजूनही नाबाद,
विनिफ्रेड