बंबावरून उतरताना

कल्याण, जानेवारी १९५७

प्रिय मालन,

तुझा संक्रांतीचा तिळगूळ पोचला. उत्तराला उशीर झाला, आणि अक्षरही तुला परकं वाटेल. डाव्या हाताने थोडं थोडं करून लिहितोय. घाबरू नकोस, सांगतो.

दिवाळीनंतर आमच्याकडे आगीचा नवा बंब आला. लालभडक, बटण दाबलं की सुरू. त्याच्याबरोबर ड्रायव्हरही नवा आला, विश्राम नावाचा, सज्जन आहे. पूजेला मला पुढे उभं केलं, नारळ माझ्या हातात दिला. फोडला मी. पण मन जुन्या गाडीतच होतं. तू लहान असताना तर तीही नव्हती. हातगाडीवरचा पंप होता. दोघं इकडून, दोघं तिकडून दांडा मारायचे आणि विहिरीपासून माणसं बादल्या पोचवायची. स्वराज्य आलं त्या सुमारास छावणीतल्या लष्करी लॉऱ्या विकायला निघाल्या, त्यातली एक आमच्याकडे आली. तिच्यावर पाण्याची टाकी बसवली, पितळी घंटा टांगली, मूळचा हिरवा रंग झाकायला लाल रंगाचे हात दिले. तरी उन्हात हिरवा दिसायचाच. पायप कॅनव्हासचे, फाटले की मोच्याकडून शिवून आणायचे. तुझी आई म्हणायची, सवत परवडली असती, तिला रोज हँडल मारून सुरू तरी करावं लागलं नसतं.

नवा बंब आल्यावर जुनी गाडी अडीअडचणीला म्हणून ठेवली, आणि तिच्याबरोबर मला. गेल्या महिन्यात नवा बंब बाहेर गेलेला असताना ठाकुर्लीहून माणूस धावत आला. ठमाबाईच्या पेंढ्याला आग लागली होती. ठमाबाई म्हणजे तुझ्या आईची बाजारातली मैत्रीण, आपल्याकडे वालाच्या शेंगा घेऊन यायची ती. थंडीने इंजिन गारठलेलं. हँडल मारून मारून दम लागला, आणि एकदम ते उलटं फिरून मनगटावर बसलं. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. गाडीवरचा माझा जोडीदार धाकू, त्याने माणसं लावून गाडी ढकलत सुरू केली आणि तोच चालवायला बसला. मी शेजारी.

पोचेपर्यंत पेंढा गेला होता, घराचं छप्परही गेलं. गोठा वाचला, गुरं वाचली. मी डाव्या हाताने पायपाची तोटी धरायला गेलो, तर ठमाबाईच आडवी आली. स्वतःचं घर जळतंय आणि मला म्हणते, "तू बस रं भिवा. पोरा बगतील." मी बांधावर बसलो. इतक्या वर्षांत आग कधी बसून बघितली नव्हती. वाईट वाटायला हवं होतं, मालन. पण मला नुसती झोप येत होती.

डॉक्टर म्हणतात, हाड जुळलं, पण या हाताला स्टिअरिंग पेलणार नाही. धाकू रोज येऊन भात टाकतो. त्याला त्याचा संसार आहे. बंबाच्या आवारातली ही खोली होळीपर्यंत सोडायची आहे. तुझी आई गेल्यापासून तू दरवेळी मानपाड्याला राहायला बोलावलंस आणि मी दरवेळी कामाचं निमित्त सांगितलं. खरं म्हणजे लेकीच्या घरी बापाने राहू नये, हे डोक्यात बसलेलं. आता ते धरून ठेवायचाही कंटाळा आलाय. पंढरीरावांना आधी विचार. त्यांच्या आईलाही. कुणाच्या कपाळावर आठी दिसली तर तसं कळव, मी वाईट वाटून घेणार नाही. नाही दिसली, तर मी येऊ का गं?

तुझाच,
बाबा