कडप्प्याच्या ओट्याची गाडी

१ सप्टेंबर १९९६. कानपूर
तर म्हणे गाडीत माणसं बसतात, झोपत न्हाईत! परत तेच. दर रविवारी एसटीडीवर पैसे घालून मी हेच ऐकायचं. नाना माझा सख्खा थोरला भाऊ, पण डोक्यानं उसाच्या सरीबाहेर कधी गेला नाही. त्याला सांगितलं, इथं एका गोऱ्यानं गाडी लावली होती. आत पलंग, आत शेगडी, आतच चहा करून बायकोच्या हातात दिला. नाना म्हणाला, त्याला घर नसंल रं, बिचारा.
फोन ठेवला.

७ सप्टेंबर
ठरलं. सहा आठवडे रजा. मालक विट्याचे, दुकान सोनं गाळायचं, मन मात्र पत्र्याचं. म्हणाले, दिवाळीच्या तोंडावर भट्टी कोण बघणार? मी म्हणालो, दुसरा माणूस बघा, मी परत येईन असं धरू नका. हसले. खोलीची किल्ली टेबलावर ठेवली तर म्हणाले, राहू दे तुझ्याकडंच.
दात पडल्यावर कळेल कोण गेला ते.

८ सप्टेंबर
बेत साधा आहे. मिलिट्रीच्या लिलावातली अॅम्ब्युलन्स दोन वर्षं वाडीत उभी. पैसे माझे, सावली कोंबड्यांना. चारी चाकं ओढणारी गाडी! आत घर करायचं. पुण्या-मुंबईची माणसं भरायची आणि रस्ता नसेल तिथं डोंगरात न्यायची. म्हणायचं, झोपा.
मग कोरेगावचे आप्पासो काय बोलतात बघू. गेल्या साली त्यांच्या क्रांतीला बघायला गेलो, तर चहा अर्धा प्यायला होता तेवढ्यात म्हणाले, पोरगं बरं हाय, पण भट्टीवाला जावई नको. पोरीनं वर्सातनं दोनदा नवरा बघायचा का? गावात धंदा उभा कर. फुडल्या दसऱ्यापतूर थांबतो.
पण क्रांतीनं बशीतलं बिस्कीट माझ्याकडं सरकवलं होतं. ते विसरलो नाही.

१५ सप्टेंबर. वाडी (उंब्रजजवळ)
पोचलो. गाडीचं दार उघडलं तर आत खुडूक कोंबडी. आई म्हणाली, तिला उठवू नकोस, अंड्यांवर बसलीया. मी म्हणालो, आई, हा धंद्याचा प्रश्न आहे. आई म्हणाली, तिचा बी धंदाच हाय.
देश मागं का राहिला ते आज कळलं.

२४ सप्टेंबर
पिल्लं निघाली. काम सुरू.
उंब्रजचा ज्योतिबा फिटर आला. म्हणाला, ओटा पत्र्याचा करू, हलका बसंल. मी म्हणालो, पत्र्याचा ओटा भज्याच्या गाड्याला असतो. पोरीकडची माणसं आधी ओटा बघतात. कडप्पा बसव. काळा, घोटलेला, चांगला जाड.
विजयमालावहिनी दारातून ऐकत होती. म्हणाली, आवं भावजी, मी लगीन होऊन आल्यापासनं ओटा मागतीया, आन गाडीला आधी? मग मला गाडीतच नांदवा की.
बायकांना धंद्यातलं कळत नाही. नानाला तर कशातलंच कळत नाही. तो हसत होता.

१ ऑक्टोबर
पलंग झाला. ओटा ड्रायव्हरच्या पाठीशी, उशाची बाजू मागच्या दाराकडं. उशाला उतार देऊन लोखंडी चौकटच वेल्ड करून घेतली. गोऱ्याच्या गाडीतसुद्धा नव्हती.
वहिनीनं विचारलं, डोकं कुठल्या दिशेला येतं? मी म्हणालो, दिशा घराला असते, गाडीला नसते. ती तोंडाला पदर लावून आत गेली. अडाणी.

६ ऑक्टोबर
आज एक मोठी अडचण मी एकट्यानं सोडवली.
पाण्याची टाकी गाडीखाली बसेना. मध्ये एक लांबलचक लोखंडी दांडा. ज्योतिबा म्हणाला, ह्यो दांडा फुडच्या चाकांना वढ देतो, ह्यो काढला तर फुडची नुसती गडगडणार. मी म्हणालो, मागची ओढतात ना? बैल काय गाडीच्या दोन्हीकडं जुंपतोस का? काढ.
ज्योतिबा म्हणाला, मग गाडीवर फोर व्हील म्हणून रंगवायचं का न्हाई? मी म्हणालो, चाकं मोज. चारच आहेत.
दांडा भंगारात घातला. आलेल्या पैशात पडदे. जांभळी फुलं.
संध्याकाळी आमचे वडील, आबा, गाडीभोवती फिरले, वाकले. म्हणाले, आर्जुना, हितली दांडी रं? मी म्हणालो, आबा, तुम्ही फौजेत लंगरात होता. आबा उठून आत गेले. सगळ्या वाडीला वाटतं लढाया केल्या. चपात्या लाटल्या.

१४ ऑक्टोबर
गाडी तयार. ओट्याच्या बाजूला थोडी कलली आहे, पण बघणाऱ्याची नजर पाहिजे. नाना म्हणाला, लाजतीया जणू.
आप्पासोंना निरोप धाडला. दसरा झाला की या, धंदा दाखवतो. घरात सगळे म्हणाले, आधी एकदा चढावर नेऊन बघ. कशाला? लग्नाआधी नवरी नांदवून बघतात का?

२४ ऑक्टोबर
कालचं लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कुणी खोटं बोलायला नको.
आप्पासो, त्यांच्या मंडळी आणि क्रांती. आमच्याकडून आबा, नाना, वहिनी. पाटण सोडलं, वरच्या पठारावर गेलो. चढाला नाना आणि आबा उतरून चालले, ते त्यांच्या तब्येतीला बरंच. खाली दक्षिणेला सगळी दरी. मी गाडीचं तोंड बरोबर दरीकडं लावलं.
आप्पासोंनी आधी ओटाच बघितला! हात फिरवून म्हणाले, व्हय गड्या, ओटा झ्याक हाय. मी नानाकडं बघितलं. नानानं आभाळाकडं बघितलं.
क्रांतीनं सगळं फिरून बघितलं. मग वहिनीला हळू विचारलं, पर बायकांनी सकाळचं जायाचं कुठं? वहिनी मोठ्यांदा म्हणाली, भावजींनी पडदं लय भारी लावल्यात बघ.
जेवणं झाली. आप्पासो म्हणाले, जरा पाठ टेकतो. पलंगावर बसले, खिडकीतून सूर्य बघितला आणि विंचू चावल्यासारखे उठले. म्हणाले, आरं, पाय दक्षिणंला येत्यात. मढं हाय का मी?
म्हणालो, उशी दुसरीकडं घ्या. पण उताराची चौकट वेल्ड केलेली. डोकं खाली आणि पाय वर होणार. नाना म्हणाला, आप्पा, बाहेर सतरंजी टाकतो. त्याला सगळं जग सतरंजीवर आणायचं असतं. मी म्हणालो, आप्पासो, उठायचं नाही. मी घरच फिरवतो. असं घर साऱ्या जिल्ह्यात दाखवा!
क्रांती हसली. तेवढंच मी बघितलं. माती बघायची राहिली.
परवाचा पाऊस जमिनीत मुरलेला. गाडी अर्धी वळली आणि मागची चाकं जागेवर फिरायला लागली. चिखल उडाला तो दारातल्या आप्पासोंच्या टोपीपर्यंत. पुढची दोन चाकं मात्र पावण्यांसारखी बसून. नाना ओरडला, फुडची वढ लाव की! मी म्हणालो, लावलीय. आबा खाली वाकले. टाकी बघितली. बराच वेळ बघितली. मग उठून म्हणाले, ती वढ पडद्याला लागलीया.
सगळे पडद्यांकडं बघायला लागले.
मग खालच्या वस्तीवरचा राजवर्धन म्हणून एक पोरगा ट्रॅक्टर घेऊन आला. गॉगल. उगाचच. क्रांती चिखलात उतरून त्याला सांगत होती, डावीकडनं घ्या, डावीकडनं. घ्या! मला एवढ्या दिवसात एकदा तरी घ्या म्हणाली का?
गाडी निघाली. मी पैसे काढले, तर म्हणाला, ऱ्हाऊ द्या, कवातरी बघू. उपकार ठेवायची चाल. शिवाय सगळ्यांना वस्तीवर चहाला नेलं. आप्पासोंनी विचारलं, कुणाचा रं तू? दोघं बोलत बसले आणि चहा उकळायच्या आत पावण्यांतलं नातं निघालं. मग तिथंच ओसरीवर, पाय उत्तरेला करून आप्पासो घोरायला लागले.

२६ ऑक्टोबर
आप्पासोंचा निरोप नाही. साहजिक आहे. माणसाला मोठी गोष्ट पचायला वेळ लागतो.
नाना म्हणाला, कानपूरचं तिकीट काढू का? मी म्हणालो, काढ, चार दिवस तिकडचा हिशोब मिटवून येतो.

३० ऑक्टोबर. कानपूर
किल्ली लागली. मालक म्हणाले, आलास? मी म्हणालो, दिवाळीपुरता. म्हणाले, भट्टी पेटव.

२४ नोव्हेंबर
परत रविवार, परत नाना. तुळशीचं लग्न लागायला आणि क्रांतीचं ठरायला एकच गाठ. ट्रॅक्टरवाल्याशी. पत्रिका आमच्याकडं आली आहे, आबांच्या नावानं. वर आप्पासोंचा निरोप, पोरानं ओटा मातूर झ्याक केला हुता.
ओटा आता वहिनीच्या स्वयंपाकघरात आहे. टाकी गोठ्यावर. पडदे नानाच्या खोलीला. गाडीत परत कोंबड्या. नाना म्हणाला, दुसरी खुडूक बसलीया. मी म्हणालो, पाय कुठल्या दिशेला आहेत तिचे? नानाला पटकन कळलं नाही. मग हसत राहिला, माझे पैसे जात राहिले.
मला त्या पोरीचं काही नव्हतं. बिस्कीट मऊ पडलेलं होतं, आता आठवतं.

८ डिसेंबर
आहेर मी पाठवणार. माझ्या नावानं. तिकडं आहेर कर्ण्यावर पुकारतात. पाचशे एक पाठवतो. कर्ण्यावर येऊ दे, अर्जुना केरबा, कानपूर, पाचशे एक! सगळा मांडव वळून बघेल. क्रांतीला अक्षतांच्या गडबडीतसुद्धा ऐकू जाईल. कळेल काय घालवलं.

१० डिसेंबर
मालकांनी रजेचे सहाच्या सहा आठवडे कापले. ठीक आहे. तसंही पाचशे एक म्हणजे त्या लोकांची सवय बिघडवणं.
मनीऑर्डर केली. खालच्या कोपऱ्यात दोन ओळी लिहायला जागा असते, तिथं लिहिलं: चि. सौ. कां. क्रांतीस आहेर. ट्रॅक्टरचं भाडंही यातच आलं, आता कुणाचं काही राहिलं नाही. रुपये एकावन्न.