समुद्रतळाचे भूमिपूजन

गुरुजी, समुद्राच्या तळाचे भूमिपूजन करावयाचे झाल्यास पहिली कुदळ कोठे मारावी? आपण हयात असता तर हा प्रश्न घेऊन छावणीतल्या आपल्या ओसरीवर आलो असतो. काल नातीचा फोन आला. गुजरातच्या किनाऱ्यापासून दूर, भर पाण्यात पवनचक्क्या उभ्या राहणार आहेत. त्यांच्या पायाखाली एखादे जुने जहाज, एखादी बुडालेली वस्ती चिरडली जाईल का, हे तपासून सांगणे तिचे काम. ध्वनिलहरींनी काढलेल्या तळाच्या चित्रात एका खांबाच्या जागी दगडांची सरळ ओळ दिसते आहे. "खडकही असेल, भिंतही असेल. आजोबा, तुमच्या पुराणांत तिथं बुडालेलं नगर आहे ना? तुम्ही हो म्हणालात तर नगर आहे असंच लिहिते."

मला वाळूजचा तो माळ आठवतो. विद्यापीठाच्या नामांतराचे मोर्चे निघत होते, गावोगाव घरे जळत होती, आणि माळावर कारखाने उभे राहत होते. एका कारखान्याच्या भूमिपूजनास आपण मला बरोबर नेले. पहिलीच कुदळ दगडावर खणकली. घडीव कड वर आली. "देवी हाय," मुकादम हात जोडतो. "नाय, बुद्ध हाय आमचा," एक बौद्ध मजूर म्हणतो. आवाज चढतात. मी उत्साहाने स्थलमाहात्म्यातला आधार सांगू लागतो, तोच आपण अडवता, "थांब. तुझा ग्रंथ या खड्ड्यात उतरला होता का? आधी माती धुवू." "महाराज, मुहूर्त टळतोय!" मालक कळवळतो. "मुहूर्त पुन्हा काढता येतो, शेठ." आणि कलशातले पाणी आपण स्वतः ओतता. निघाली ती गुरांना पाणी पाजायची दगडी डोण. "घ्या, म्हशीची देवी!" मजूर हसला, मुकादमालाही हसू आवरले नाही. तरीही आपण पाया बाजूला सरकवायला लावलात. "तिने तहान भागवली आहे," एवढेच म्हणालात. परतताना मात्र बोललात, की विद्यापीठाला नवे नाव मिळणे न्याय्यच आहे, त्या पुरुषाचे कार्य साऱ्यांनी पाहिले आहे. न पाहिलेल्याला नाव देऊ नये.

म्हणून काल नातीला म्हणालो, "ग्रंथ खांबाची जागा सांगत नाहीत. पाणबुडे उतरून पाहीपर्यंत ती जागा मोकळी ठेवायला सांग." "म्हणजे नगर नाही?" "ठाऊक नाही, बाळ." ती तसेच लिहिणार आहे.

हे पत्र पोथीच्या बासनातच राहील. एक मात्र आपल्याजवळ कबूल करतो. आज संध्येला बसलो, ओंजळीत पाणी घेतले, तेव्हा त्या दगडांच्या ओळीला वेस, वेशीला दरवाजा, आणि दरवाज्यात दिवा मी मनाने केव्हाच लावून बसलो होतो.